हिर्डोशीचं एकच पान

भोरच्या एस.टी. स्टँडसमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. खोऱ्यातल्या गावांवरच्या माझ्या पुस्तकाची सूची त्या कॉम्प्युटरवर करत होत्या. छापून काढलेल्या प्रतीत एकेका गावाचा मजकूर सुरू होई त्या पानात बोट आणि संपे त्या पानात अंगठा अडकवून बसायच्या. मग पडद्यावर तेवढा मजकूर निवडून त्याला खूण द्यायच्या, की सूचीत ‘४१–५८’ असं उमटायचं. दर गावानंतर चष्मा काढून डोळे चोळायच्या.

‘‘नुसता पहिल्या पानाचा आकडा टाका,’’ मी कंटाळून म्हटलं.

‘‘नाव एकदाच येतंय सर, पण गाव पुढं चालतंय न्हवं.’’

तिसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटी हिर्डोशी आलं. तिथं त्यांनी खूण केलीच नाही, एक आकडा टाकून हात काढून घेतला. मी कारण विचारलं.

‘‘माजं माहेर हाय. सुरू झालं त्याच पानावर संपलंय. खूण कशाला?’’

आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता.

हिर्डोशीला मी गेलो होतो, तेव्हा परतीच्या एस.टी.ची वाट बघत फाट्यावरच बसलो होतो. गावात शिरलोच नव्हतो.