हिरवी ओळ

उत्कर्षाच्या टेबलावर जुन्या फोनांचा बाजार मांडलेला असतो. काच तडकलेले, पाठीला रबर लावलेले, चार्जर काढला की मान टाकणारे. बारामतीतल्या एका छोट्या कंपनीत ती नोकरी करते. कंपनीनं बनवलेलं वेबपान कुठल्या फोनच्या ब्राउझरवर नीट दिसतं आणि कुठं त्याची वाट लागते, हे तपासायचं तिचं काम. वेबचे नियम जगभर एकच. पण जुन्या ब्राउझरला एखादा नवा नियम कळला नाही, की तो सरळ सोडून देतो. कुरकुर नाही, सूचना नाही. याच गोष्टीनं तिचं डोकं फिरतं.

या वेळी काम होतं एका साखर कारखान्याच्या ऊसनोंदीचं. ज्याची नोंद आधी, त्याची तोड आधी. नोंदच नसेल तर ऊस बसला फडात वाळत. माहिती भरून बटण दाबलं की 'आपली नोंद झाली' अशी हिरवी ओळ यायची. तोवर ती लपवलेली. जुन्या ब्राउझरला तो लपवण्याचा नियमच कळेना, त्यामुळं पान उघडताक्षणी हिरवी ओळ हजर!

तिनं हे तिचे वरिष्ठ केयूरसर यांना पुन्हा पुन्हा दाखवलं.

"माझ्याकडे व्यवस्थित चालतंय," सर म्हणाले. चालणारच, त्यांचा फोन दिवाळीत घेतलेला. "इतके जुने फोन आता वापरतं कोण?"

कोण वापरतं? पोरगा नवा घेतो, त्याचा जुना बापाकडं येतो. आणि अपडेट केलं की फोन मरतो अशी सगळ्यांची ठाम समजूत, म्हणून ब्राउझरला कुणी हातच लावत नाही. पण ऐकतो कोण! सरांनी पान तसंच सुरू केलं.

नोंदीची मुदत संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सर खुशीत होते. "बघ, एकही तक्रार नाही. उगाच घाबरवत होतीस."

'नोंद झाली' असं वाचलेला माणूस तक्रार कशाला करेल? उत्कर्षानं पळसदेवला मानसिंगमामांना फोन लावला.

"मामा, उसाची नोंद केली का?"

"व्हय की! पान उघडलं, लगीच हिरव्या अक्षरात झाली म्हणून आलं."

"माहिती भरली? बटण दाबलं?"

"झाल्यावर कशाला भरायची? आमी समद्यांनी पारावर बसून एका दमात उरकली. शेजारचा विजयसिंह खालचे रकाने भराया लागला हुता, मीच हात धरला त्याचा. म्हणलं, दोनदा नोंद करून बाद व्हशील. माज्या भाचीनं तपासलेलं पान हाय, झाली म्हणतंय म्हंजी झाली."

संतापानं तिला रडूच आलं. सर समोर बसून मजेत चहा पीत होते.

"मामा, कुणाचीच नोंद झाली नाही. विजयसिंहदादाचीसुद्धा नाही."

मामांनी हळूच विचारलं, "मंग तू काय तपासलंस, पोरी?"