महाराजांच्या मागची जीप

बोरगावच्या आण्णासाहेबांची जीप त्यांच्या थोरल्या मुलीच्या वयाची. जैन मुनी विहाराला, म्हणजे पायी प्रवासाला निघाले, की त्यांच्या आहाराचा स्वयंपाक करायच्या चौक्याची भांडीकुंडी घेऊन ही जीप त्यांच्या मागून माणसाच्या चालीनं जायची. या मानाचा आण्णासाहेबांना एवढा तोरा, की घरात कुणाला किल्लीला हात लावू देत नसत.

गेल्या विहारात स्टिअरिंगवर हातांना थरथर जाणवली. वडिलांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा. शिवाय पुढं महाराज, बाया, पोरं चालत होती. गाडी त्यांच्यात घुसली तर? आण्णासाहेबांनी कुणाला काही सांगितलं नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. थंडी वाजते का, असं बायकोनं, राजमतीनं, विचारलं तर तिच्यावरच खेकसले. घाबरलं की खेकसायचं, ही त्यांची जुनी खोड.

पुढच्या विहाराच्या आदल्या दिवशी ते सून दिव्याला घेऊन बेळगावला, शहापुरात साड्या आणायला निघाले. हायवेवर वेग वाढला तशी जीप गदागदा हलायला लागली.

"मामा, गाडी लई थरथरतीया," दिव्या म्हणाली.

आण्णासाहेबांना इतका आनंद झाला, की साड्या राहिल्या बाजूला; गाडी वळवून ते थेट निपाणीला भरमू मेस्त्रीकडे गेले. दोष गाडीचा होता, हातांचा नव्हता!

भरमूनं पुढचं चाक जॅकवर उचललं, दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. खटखट वाजलं. स्टिअरिंग चार बोटं फिरलं तरी चाक जागचं हलेना. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचे सांधे झिजले होते, चाकांचं बॅलन्सिंगही गेलं होतं. सांधे बदलून, बॅलन्सिंग करून घेतल्यावर आण्णासाहेबांनी हायवेवर चक्कर मारली. जीप लोण्यासारखी पळाली.

परत येऊन ते हसत म्हणाले, "महाराजांच्या मागं चालताना हिनं लई घाबरवलं बघ मला. हात थरथरत होतं."

भरमू हात पुसत म्हणाला, "न्हाय आण्णा. ही थरथर पन्नासच्या म्होरंच येती. चालीनं जाताना स्टिअरिंग ढिलं लागंल, पण थरथरायचं न्हाय."

आण्णासाहेबांनी हात खिशात घातले. भरमूचं लक्ष नव्हतं. तो दुसऱ्या गाडीकडे वळला होता. त्या रात्री आण्णासाहेबांना झोप लागली नाही. राजमती विचारत राहिली, पण या वेळी ते खेकसलेही नाहीत.

सकाळी बस्तीसमोर, जैन मंदिरापुढं, गर्दी जमली. जीप भरून तयार होती. आण्णासाहेबांनी चपला काढून जीपमध्ये ठेवल्या आणि दिव्याला हाक मारली. तिला गाडी येत होती, पण ही जीप तिनं कधी चालवली नव्हती. गाडीत अजून काही बिघाड आहे का, असं तिनं बिचकत विचारलं.

"गाडीत आता काय बी न्हाय," ते म्हणाले. "तू चालव. मी महाराजांबरोबर चालत येतो."

त्यांनी किल्ली पुढं केली. दिव्यानं हात पुढं केला, तशी ती तिच्या बांगड्यांवर किणकिणत राहिली. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, तेव्हा कुठं किणकिण थांबली.