कोरड्या दिवसांचा पाऊस

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, मुलींच्या सुधारगृहात एकवीस वर्षं काळजीवाहक आहेत. मुलींना उठवायचं, जेवायला वाढायचं, कुणी तापली तर उशाशी बसायचं, झिंज्या धरल्या की सोडवायच्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो म्हणून मुली त्यांना कुलूपमावशी म्हणतात. "म्हणू देत, पूर्वी याहून वाईट म्हणायच्या," इतकंच वन्संचं म्हणणं.

तिथला नियम असा, की मागच्या मैदानाचं दार दोघी हजर असल्या तरच उघडायचं. एकीनं दारापाशी थांबायचं, दुसरीनं मुलींबरोबर. पूर्वी पाचजणी होत्या. दोघी निवृत्त झाल्या, एक बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही. उरल्या दोघी, त्याही पाळीपाळीनं. म्हणजे एका वेळी एकच. मैदानाला कुलूप लागलं आणि मुलींचा हक्काचा एक तास खोलीत जाऊ लागला.

दार उघडलं नाही तर नोंदवहीत कारण लिहावं लागतं, ते काम वन्संकडे. पहिल्या दिवशी खरंच पाऊस होता, वन्संनी तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं, म्हणून 'माणूस नाही' असं लिहिलं. अधीक्षक मॅडमनी बोलावून घेतलं. "हे वाचून वरचे मला धारेवर धरतील. कालचंच चालू ठेवा." वन्संनी ठेवलं. साडेतीन महिने.

मग एका रविवारी दुपारी त्या माझ्यासमोर भाजी निवडत बसल्या होत्या.

"अगं, तुझ्या वहीत हवा लिहितेस ना रोज?"

लिहिते. सकाळी देवाचं नाव घेऊन झालं की वहीत तारीख, आणि तारखेखाली पहिली ओळ हवेची. कपडे बाहेर वाळले की आत, एवढंच.

"साडेतीन महिन्यांत पाऊस किती दिवस?"

मी पानं उलटत मोजले. अकरा.

"आमच्याकडे एकशे चार."

पेपरामागून हे म्हणाले, "ताई, तुमच्या सुधारगृहावर वेगळं आभाळ आहे का गं?"

"तू गप रे. तिथली एक सोळा वर्षांची पोरगी आहे, उलटं अक्षरही वाचते. काल मी लिहीत असताना म्हणाली, कुलूपमावशी, तुमची छत्री कुठाय?"

मंगळवारी तपासणी समिती यायची होती. नोंदवहीत कारण पावसाचंच राहिलं, तर नवीन माणसं मंजूर होणार नव्हती. खरं सांगावं, तर खोटी अक्षरं वन्संची, आणि निवृत्तीला राहिलेले आठ महिने.

"वही देतेस?"

"तीत घरातलं सगळं आहे हो. तारखा उतरवून देते."

अकरा तारखा मी एका कागदावर लिहिल्या आणि म्हटलं, "तुमच्यासाठी देवाकडे मागेन. पण मागच्या तारखांचा पाऊस मागता यायचा नाही."

"तो मी पाडलाय की," वन्सं म्हणाल्या.

समितीपुढेही त्यांनी तेच सांगितलं. तिघांसमोर नोंदवही ठेवली, तिच्यावर माझा कागद. "अक्षर माझं आहे. हे अकरा दिवस सोडले तर बाकीचा पाऊस मी पाडला. दार उघडायला दुसरं माणूस नव्हतं." तसं लिहायला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. वन्सं मॅडमकडे बघत राहिल्या. मॅडम खिडकीकडे.

वन्संना आणि मॅडमना, दोघींनाही लेखी ताकीद मिळाली. वन्संच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना भांडारघरात बसवलं, चादरी-साबण द्यायला. पंधरवड्यात हंगामी तिघी आल्या. एक चौथ्या दिवशी पळाली, दोघी टिकल्या. दार उघडायला तेवढ्या पुरतात. भांडारघरातून मैदान दिसत नाही, पण चेंडू भिंतीवर आपटला की साबणाच्या वड्या हलतात, असं वन्सं सांगतात. मुली अजून कुलूपमावशीच म्हणतात.

आज पाऊस. कपडे आत. वन्सं आल्या तेव्हा छत्री गळत होती. म्हणाल्या, "आज मैदान बंद होतं गं. खरंच."