मोजणीच्या दिवशीचा मंडप

भिंत उभी राहून आता वर्ष होत आलं. बाहेरचा माणूस तिला भिंत म्हणत नाही, फ्लायओव्हरचा रॅम्प म्हणतो. शहराच्या कांचघर भागाकडून येणारा कोणी मला सांगतो की आता काय मस्त, सिग्नलच लागत नाही, तेव्हा मी मान हलवतो आणि मनात त्याला दोन शिव्या देतो. त्याचं काय चुकलं? तो वरून जातो. आम्ही खाली राहतो.

माझी मोठी बहीण रस्त्याच्या पलीकडं राहते. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई सत्तरीच्या पुढची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, मुलगा पुण्याला, घरात एकटी. तिचं घर तेवढं पलीकडं, तिचं बाकी सगळं अलीकडं. सकाळी विहार झाडून मेणबत्ती लावायला ती यायची, परत जायची. दुपारी भाजीचा डबा घेऊन माझ्याकडं यायची. माझी बायको गेल्यापासून आमची ही रीतच पडली होती. भात मी लावायचा, भाजी तिनं आणायची. दोघं जेवायचो, एकमेकांच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचो, आणि ती ऊन उतरल्यावर घरी जायची. दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडायची. हात वर करून अशी निघायची की ट्रकवालेही थांबायचे.

पहिल्या नकाशात हा रॅम्प बराच पुढं उतरणार होता. आमच्यासमोर नुसते खांब येणार होते आणि खालून मोकळं जाता आलं असतं. मग पुढच्या बाजारातल्या दुकानदारांनी गलका केला की त्यांच्या दुकानांची तोंडं बंद होतात. झालं, रॅम्प आखडून अलीकडं घ्यायचं ठरलं. म्हणजे आमच्यासमोर खांब नाहीत, सरळ भरीव भिंत.

रविवारी वंदनेनंतर विहारातच बैठक बसली. मला वाटलं होतं सगळे एका तोंडानं बोलतील. कशाचं काय. निम्मे म्हणाले, भिंतच बरी, पुलाखाली मोकळं ठेवलं की दारुडे बसतात, टपऱ्या लागतात. हे म्हणणारे सगळे गाडीवाले. एकानं तर सांगितलं की रस्ता बंद झाला की आपली गल्ली शांत होईल आणि घराला भाव येईल. मी उठून विचारलं, "अन् बाईनं विहारात काय उडून यायचं?" त्यावर थोडे हसले. बाई मागं बायकांत बसली होती, तीही हसली. मला मात्र हसू आलं नाही.

शेवटी अध्यक्षांनी, म्हणजे फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या आमच्या वस्तीतल्या सगळ्यात वडील माणसानं, अर्ज करायचं ठरवलं. अर्ज लिहायला मी. पस्तीस वर्षं इथल्या हिंदी मुलखात सरकारी कचेरीत बाबूगिरी केली, माझा हिंदी अर्ज वाचून साहेबलोक खुर्चीत सरळ बसत. खरोखरच महिन्याभरात उत्तर आलं. अमुक दिवशी सकाळी नऊ ते बारा या वेळात तिथून पायी रस्ता ओलांडणाऱ्यांची मोजणी होईल. पुरेसे लोक दिसले तर भिंतीत भुयारी वाट ठेवण्याचा विचार करू.

हे पत्र मी स्वतः वाचलं. दोनदा वाचलं, बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं, मग भोक पाडून फाइलीत लावलं. आणि तरीही जे करायचं ते केलं.

आमच्या लोकांचं सांगतो. आम्हाला जे काही मिळालं ते गोळा होऊन मिळालं. नळ आला तो असा, विहाराची जागा मिळाली ती अशी, गल्लीत दिवे लागले तेही असेच. सतरंज्या टाकायच्या, खुर्च्या मांडायच्या, पांढरे कपडे घालून सगळ्यांनी रांगेत बसायचं, माइकवर दोघातिघांनी बोलायचं. साहेब येतो, पाहतो, की एवढे लोक आहेत बुवा. हे आमच्या हाडात बसलेलं. त्यात माझं बाबूचं डोकं. मी म्हणालो, मोजणारी माणसं उन्हात कुठं इकडं तिकडं पाहत बसतील? सगळ्यांना एका जागी बसवलं की त्यांचंही काम सोपं होईल.

बँकेत नोकरी करणारी आमच्या शेजारची मुलगी तेवढी बोलली. तिला मराठी सगळं समजतं, बोलायला लागली की हिंदीत शिरते. ती म्हणाली, "काका, लोगों को बैठाना नहीं है ना, चलाना है. सुबह से इधर-उधर जाने दो सबको."

मी म्हणालो, "बेटा, साहेब येऊन राहिले अन् आपण काय रस्त्यावर फेऱ्या मारायच्या? बरं दिसते का?"

अध्यक्षही म्हणाले, शिस्त पाहिजे.

त्या दिवशी आठच्या आत पलीकडचे सगळे लोक अलीकडं आणून बसवले. मी स्वतः जाऊन आणले. मंडप असा भरला की पाय ठेवायला जागा नाही. बाईला मी पहिल्या रांगेत बसवलं, पांढरं लुगडं नेसलेली म्हातारी पुढं शोभते म्हणून. नऊच्या सुमारास दोन माणसं कागद घेऊन आली. आम्ही त्यांना मंडपात बोलावलं, ती आली नाहीत. रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर बसली. मला त्यांचा रागही आला, की काय ही रीत. चहा पाठवला. चहाची टपरी पलीकडं होती.

भाषणं चालली होती. साडेदहाला बाई उठायला लागली. म्हणाली, "मी जरा घरी जाऊन येते. भाजी चिरून ठेवली आहे, फोडणी घालून आणते."

मी म्हणालो, "बस तू. आज कोणी हलायचं नाही."

"अरे, मंग जेवशील काय?"

"एक दिवस चटणीभात खाऊ. बस म्हटलं ना."

ती बसली. माझ्या शब्दाखातर बारा वाजेपर्यंत गुडघे चोळत बसली. त्या तीन तासांत आमच्यासमोरचा रस्ता कधी नव्हे इतका रिकामा होता. मी माइकवर बोलत होतो ना, मला समोरून सगळं दिसत होतं. मला वाटलं, वा, काय शिस्त आहे.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पायी ओलांडणारे नगण्य, भुयारी वाटेची गरज दिसत नाही. नगण्य. त्यातही आमचा चहावालाच जास्त वेळा धरला गेला असणार. मी ते पत्र हातात घेऊन विहाराच्या पायरीवर बसलो आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. बँकेतली मुलगी समोरून गेली. अध्यक्ष म्हणाले, जाऊ द्या, त्यांना द्यायचंच नव्हतं. वस्तीत सगळे आता तसंच म्हणतात. मीही म्हणालो. बाईला सांगताना तर फार जोरात म्हणालो.

भिंत झाली तेव्हा पहिले काही दिवस बाई चौकाला वळसा घालून आली. मग दोन दिवसांआड. मग एकदा अर्ध्या वाटेत कोणाच्या तरी ओट्यावर बसून राहिली, आणि नंतर आलीच नाही. विहार आता दुसरं कोणीतरी झाडतं. आता मीच भाताचा डबा घेऊन वळसा घालून तिच्याकडं जातो. पोचेपर्यंत भात गार होतो. रोज जमत नाही, माझंही वय झालं.

गेल्या आठवड्यात जेवताना ती सहज म्हणाली, "त्या बँकेवालीची माय आली होती. म्हणे, त्या दिवशी रस्ता ओलांडणारे मोजले होते. बसलेले नाही."

मी खाली पाहून भात कालवत राहिलो.

"खरं आहे का रे?"

"हो."

"म्हणजे मी भाजी आणायला गेली असती, तर जाताना एक धरली असती. येताना एक."

"हो, बाई."

"तुले माहीत होतं?"

"पत्र माझ्याच फाइलीत होतं."

मला वाटलं रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं, मी तयारी करून बसलो होतो. तिनं माझ्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली, डबा घासून पुसला आणि माझ्या हातात दिला.

"निघ आता," ती म्हणाली. "तुले लांब पडते."