मोठ्याने वाच

सिस्टरांच्या मोटारसायकलमागे कायम वरात असायची. साउथहॅम्प्टनहून समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर त्या स्पीडचा काटा तिसाच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत, आणि मागे दहा-बारा गाड्या खोळंबलेल्या. कोणी हॉर्न वाजवला की मागे न बघता डावा हात वर करायच्या आणि पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानिणीच्या सुरात ओरडायच्या, "सावकाश होऊ द्या!" हॉर्न वाजवणाऱ्या इंग्रजाला ते कळण्याचा प्रश्नच नव्हता. मला कळायचं, आणि साइडकारमध्ये बसल्या बसल्या मी आणखी खाली सरकायचे.

सिस्टर मूळच्या मिरजेच्या. साठच्या दशकात नर्स म्हणून इंग्लंडला आल्या आणि निवृत्त होईपर्यंत डोळ्यांच्या वॉर्डात राहिल्या. मराठी मंडळापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. साइडकार लावलेली ती जुनी काळी मोटारसायकल त्यांनी स्वतः पसंत करून घेतली होती. गाडी चालवायच्या त्या, आणि शेजारी मांडीवर नकाशा पसरून त्यांचे यजमान. "ह्यांना सायकलसुद्धा यायची नाही," त्या सांगायच्या. "पण नकाशा असा वाचायचे की वाटेतला पोस्टाचा डबासुद्धा सुटायचा नाही." यजमान गेल्यावर साइडकार दोन-तीन वर्षं रिकामी होती.

माझी त्यांची पहिली भेट मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. लग्न होऊन मी नागपूरहून येऊन जेमतेम चार महिने झाले होते. तिळगूळ हातावर ठेवताच त्यांनी विचारलं, "चष्मा लागलाय का गं तुला?" मला वाटलं, बाई कोणासाठी तरी स्थळ बघतायत. मी घाईघाईने मंगळसूत्र दाखवलं. "ते राहू दे. त्या भिंतीवर काय लिहिलंय?" आग लागल्यास काय करावं, याची सूचना होती. मी पुटपुटले. "मोठ्याने वाच," सिस्टर म्हणाल्या. मी वाचली. "रविवारी मोकळी आहेस?" हे सगळं बोलताना त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, मान किंचित वाकडी करून त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. शिष्ट आहेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्या काळात मला कशाकशाची भीती वाटत नव्हती! मंदार, माझा नवरा, सकाळी ऑफिसला गेला की घरातला फोन वाजू नये म्हणून मी देवाला हात जोडायचे. वाजलाच तर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे. केमिस्ट्रीतली एमएस्सी, पण बसच्या ड्रायव्हरला "रिटर्न तिकीट" म्हणावं लागू नये म्हणून दोन-दोन मैल चालत जायचे. मंदारला सिस्टरांचं आमंत्रण सांगितलं तर तो म्हणाला, "जा की! इंग्लिशची प्रॅक्टिस होईल." त्याला साइडकारचं माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

साइडकार गाडीच्या डाव्या अंगाला, म्हणजे कुंपणाच्या बाजूला. नाक रस्त्यापासून दोन-अडीच फुटांवर. सिस्टरांचा नियम एकच: समोर जी पाटी येईल ती मोठ्याने वाचायची. "गिव्ह वे! स्लो! स्कूल, सिस्टर! बेंड टू द लेफ्ट!" पबची नावं, गावांची नावं, चर्चच्या फलकावरचा सुविचारसुद्धा. रस्त्यात माणूस, घोडा, सायकल काहीही दिसलं तरी सांगायचं, आणि तेही इंग्रजीत. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाल्या, "पेशंटने वाचल्याशिवाय सिस्टरला काय कळणार? जन्मभर हेच केलं मी. डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी उभं राहायचं आणि म्हणायचं, दिसतंय ते मोठ्याने वाचा." मग हसत सांगितलं, "लबाड पेशंट तक्ता पाठ करून यायचे. ऑपरेशन नको असायचं ना! धडाधड म्हणून दाखवायचे. मग मी गुपचूप तक्ता बदलायचे."

आणि गुण आला, हे कबूल केलं पाहिजे. एप्रिलपर्यंत मी फोन उचलायला लागले. मे महिन्यात केमिस्टशी चक्क भांडले. आज एका प्राथमिक शाळेत मुलांकडून वाचून घेण्याचं काम करते, त्याचं मूळ त्या साइडकारमध्ये आहे.

पण एक काळजी आत कुठेतरी टोचत असायची. सिस्टर थर्मासमधला चहा कधी कपाबाहेर ओतायच्या. एकदा एक सायकलवाला आमच्यावर ओरडत गवतात उतरला. सिस्टर म्हणाल्या, त्याचीच चूक. मी मुळातली भित्री, त्यामुळे माझ्या भीतीवर माझाच विश्वास नव्हता. चहा वाऱ्याने सांडला असेल, असं म्हणून मी गप्प बसायचे.

जूनमधल्या त्या रविवारी आम्ही आधी समुद्रावर गेलो. लिमिंग्टनच्या पुढे एका दगडी बांधावर बसून सिस्टरांनी डबा उघडला: दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. समोर निळं पाणी आणि पलीकडे आइल ऑफ वाइटचं बेट. "आज बेट किती जवळ आलंय?" सिस्टरांनी विचारलं. मी सांगितलं, पांढरे सुळके स्पष्ट दिसतायत, त्यांच्या टोकाशी दीपगृह आहे, एक शिडाची होडी आहे. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, उन्हाने मिटले असतील.

परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी न्यू फॉरेस्टमधल्या रेडवूडच्या रस्त्याला घातली. कोणे काळी अमेरिकेतून रोपं आणून लावलेली ती झाडं आता इतकी उंच झालीत की शेंडा बघायला मान पाठीला टेकवावी लागते. सिस्टर थांबल्या, उतरल्या आणि एका बुंध्यावर दोन्ही तळवे ठेवून उभ्या राहिल्या. "दाबून बघ. गादीसारखी साल आहे." खरंच मऊ होती. पाच मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या. मग आम्ही पुन्हा निघालो. रस्त्यावर सावली, मधूनच उन्हाचे कवडसे, आणि मी पहिल्यांदाच पाट्या सोडून वर बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

मान खाली केली तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक करडं गाढव उभं होतं. त्या जंगलात घोडे, गाई, गाढवं मोकळी फिरतात. इंग्रजी शब्द काही केल्या तोंडात येईना. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "गाढव!"

सिस्टरांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबून बंद पडली. त्या माझ्याकडे वळल्या, चेहरा रागाने लाल झालेला. "कोणाला म्हणतेस गं?"

गाढव पुढच्या चाकापासून दोन हातांवर होतं.

मला हसू यायला हवं होतं. अर्धं आलंही, आणि तिथेच विरलं. गाढवाने कान फडफडवले, तेव्हा कुठे सिस्टरांनी आवाजाच्या दिशेने मान वाकडी केली. अगदी माझ्याकडे करायच्या तशी.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "ह्यांना जाऊन वर्ष झालं तेव्हापासून. मधलं आधी जातं. कडेचं राहतं. तुझा कान दिसतो मला. नाक नाही दिसत."

"म्हणजे इतके दिवस तुमचे डोळे मी होते, आणि मलाच माहीत नव्हतं?"

"तुझं इंग्रजी सुधारलं की नाही?"

"सिस्टर, गाढवाच्या जागी एखादं मूल असतं तर?"

त्यांनी गाडीची किल्ली काढली. मला त्यांचा भयंकर राग आला होता. मला शिकवतायत म्हणून मी फुशारत होते, आणि त्या मला वापरत होत्या. आज वाटतं, दोन्ही खरं होतं. पण त्या दिवशी एवढंच कळत होतं की आता त्या गाडीत बसायचं नाही आणि त्यांनाही बसू द्यायचं नाही. फिरायला आलेलं एक जोडपं दिसलं. मी त्यांच्याकडे गेले आणि न अडखळता इंग्रजीत सगळं सांगितलं. आमची बाईक कार पार्कपर्यंत ढकलायला मदत कराल का, आणि आम्हाला ब्रोकनहर्स्ट स्टेशनवर सोडाल का? ट्रेनमध्ये सिस्टर खिडकीशी बसल्या. साउथहॅम्प्टन येईपर्यंत मी एकही पाटी वाचली नाही.

दोन दिवसांनी मंदारच्या मित्राने गाडी सिस्टरांच्या गॅरेजमध्ये आणून ठेवली. किल्ली मात्र सिस्टरांनी मला दिली नाही. "ऑगस्टमध्ये सत्तर पूर्ण होतायत. इथे सत्तरीला लायसन्स नव्याने करावं लागतं, त्याचा फॉर्म येईल. त्यात डोळ्यांबद्दल काय लिहायचं ते माझं मी ठरवीन. तोवर रेखाला सांगू नकोस." रेखा ही त्यांची मुलगी, केंब्रिजला असायची. मी कबूल झाले, पण गाडी बाहेर काढायची नाही या अटीवर. त्यांनी खोटं लिहिलं तर मी रेखाला सांगणार होते, आणि एकदा का सांगितलं, की सिस्टर मला कायमच्या तुटणार होत्या. मंदार सोडला तर या परक्या गावात माझं म्हणून एवढं एकच माणूस होतं. सात आठवडे धड झोप नाही. रस्त्यावर कुठलीही मोटारसायकल फटफटली की मी खिडकीशी धावायचे. फोनला घाबरणारी मी, रोज सकाळी फोन करायचे. "सिस्टर, चहा झाला का?" त्या ओळखून होत्या. म्हणायच्या, "झाला. गाडीही घरीच आहे."

फॉर्म आला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून त्यांनी माझ्या हातात पेन दिलं. "मोठ्याने वाच." नाव, पत्ता, जन्मतारीख झाली. मग डोळ्यांचा प्रश्न आला. "चांगल्या उजेडात, वीस मीटरवरून, गाडीच्या नंबरप्लेटवरचा नंबर वाचता येतो का?"

सिस्टर उठल्या. खिडकीशी गेल्या. रस्त्यापलीकडे शेजाऱ्याची निळी गाडी कायम उभी असायची. त्यांनी एक डोळा तळव्याने झाकला, जन्मभर पेशंटना शिकवला होता तसाच. आणि एकेक अक्षर, एकेक आकडा, खणखणीत आवाजात वाचून दाखवला. मी आनंदाने उठलेच. धावत खिडकीशी गेले.

समोर गडद रंगाचीच गाडी होती, पण दुसरीच. कोणी पाहुणे आले असावेत. एकही अक्षर जुळत नव्हतं.

पेन माझ्याच हातात होतं. गप्प बसले असते तर बसता आलं असतं.

"सिस्टर," मी म्हणाले, "ती गाडी आज तिथे नाहीये."

त्यांचा हात डोळ्यावरच होता. तो हळूहळू खाली आला. "तक्ता बदलला होय," त्या म्हणाल्या. मग अगदी बारीक आवाजात, "मला खरंच वाटलं गं, दिसलं म्हणून." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला. मग म्हणाल्या, "नाहीवर खूण कर. आणि काय केलंस ते मोठ्याने वाच."

"नाही," मी वाचलं.

रेखाला त्यांनी स्वतःच फोन केला. केंब्रिजला जायचं ठरलं. जाण्याआधी मोटारसायकल बोर्नमथच्या एका तरुणाने विकत घेतली. तो न्यायला आला त्या दिवशी मी फाटकाशी सिस्टरांजवळ उभी होते. त्याने रिकामी साइडकार घेऊन गाडी अशी काही पिटाळली की कोपऱ्यावरची कबुतरं उडाली.

"कसा गेला?" सिस्टरांनी विचारलं.

"सावकाश गेला," मी म्हणाले.

"खोटारडी. डोळे गेलेत माझे, कान नाही."

मग घराकडे वळल्या आणि थबकल्या. इतक्या महिन्यांत जे कधीच केलं नव्हतं ते त्यांनी केलं. माझं कोपर धरलं आणि सरळ विचारलं, "पायरी कुठे आहे गं?"

"समोरच आहे, सिस्टर," मी मोठ्याने सांगितलं. "पहिली. आता दुसरी."

"सावकाश होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि आम्ही आत गेलो.