पेरलेली हरळी

शिक्रापूरच्या चौकापासून जरा आत पोपटरावांचं वीस गुंठ्यांचं काळं रान होतं. दोन हजार पाच साली त्यांनी तिथे लग्नाचं लॉन करायचं ठरवलं. हायवेला तेव्हा लॉन्सच्या पाट्या लागायला सुरुवात झाली होती. पोपटरावांनी कमान बांधली, स्टेज बांधलं, मागे स्वयंपाकाची शेड आणि दोन खोल्या काढल्या. फक्त गवत तेवढं राहिलं होतं.

गवतासाठी जूनमध्ये पुण्याहून एक नर्सरीवाला आला. त्याने डब्यातलं बारीक बी उधळलं, पाणी मारलं आणि तो निघून गेला. काळ्या मातीचं गणित त्याला ठाऊक नव्हतं. चार दिवस पाऊस लागला, रानाचा चिखल झाला, आणि सगळं बी पाण्याबरोबर वाहत खालच्या कोपऱ्यात जाऊन साठलं. महिन्याने वीस गुंठे उघडे आणि कोपऱ्यात तेवढा हिरवागार झुबका, असं दृश्य तयार झालं. जाणारे येणारे विचारायचे, "पोपटराव, रानाची मुंज केली का? शेंडी लई झ्याक राखलीया."

पोपटराव चिडले. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी दोन ट्रक वाळू आणून मातीत कालवली. उघडीप पडल्यावर वरचा थर भाजलेल्या विटेसारखा कडक झाला.

तो थर फोडायला ज्या बाया रोजावर आल्या, त्यात म्हाळसा होती. वय तिशीच्या आसपास, उंच, काटक, आणि चालायची सवय असलेल्या माणसाचे असतात तसे रुंद, फाटलेल्या टाचांचे पाय. तिचा जन्म मेंढरांच्या वाड्यावर झाला होता. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. आज या शेतात, उद्या त्या, जाळ्या लावून मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी शेत खतवायचं, दाणे घ्यायचे आणि पुढे निघायचं. लग्न होऊन ती खंडूकडे आली तरी चालणं सुटलं नाही. मग एका ट्रकने खंडूचा पाय आणि नऊ मेंढ्या एकदमच चिरडल्या. पाय जोडला गेला, पण वाकडा. उरलेली मेंढरं विकून दोघं दौंडला रेल्वे कॉलनीच्या कडेला राहिली, मग केंदूरला कांदा काढायला आली, मग शिक्रापूरला पत्र्याच्या खोलीत. खंडू एका गोदामाच्या फाटकावर बसू लागला. त्यांची रश्मी आठ वर्षांची होती आणि तिसरीच्या वर्गात बसण्याआधी तिने तीन शाळा पाहिल्या होत्या. पत्र्याच्या खोलीचा मालक कारखान्यातल्या पोरांना जागा देण्यासाठी यांना उठवायच्या बेतात होता. म्हणजे चौथी शाळा.

दुपारच्या भाकरीला बाया बाभळीखाली बसल्या तेव्हा म्हाळसा बसली नाही. उताराकडे बघत उभी राहिली. पोपटराव तिथेच फोनवर बोलत होते. ते थांबल्यावर ती म्हणाली, "मालक, हितं पानी थांबतंय. काळ्या रानात पावसाची मेंढरं नेत नाहीत आमच्यात. खूर कुजत्यात. जिथं खूर कुजतोय तिथं बी कसं जगंल?"

"मग काय करू? रान विकू?"

"रान कशाला विकता? पानी काढून द्या. आन् बी वापसा आल्याबिगर टाकू नका."

चिखल सुटलेला, पण ओल आहे, मूठ दाबली तर ढेकूळ होतं आणि बोट लावलं की फुटतं, अशा मातीला वापसा म्हणतात. हे पोपटरावांना कळत नव्हतं असं नाही. शेतकऱ्याचंच पोर. पण शेत निराळं आणि लॉन निराळं, लॉनला काहीतरी विलायती विद्या लागते, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

"तू करशील?" त्यांनी विचारलं.

"करीन. पर रोजगारावर न्हाई." म्हाळसाने मागच्या खोल्यांकडे बोट केलं. "तुळशीच्या लग्नाला हिरवं दिसलं, तर ती खोली आमाला ऱ्हायला द्या. पोरीची शाळा एका जागी होईल. मी रान संभाळीन, ह्ये राखण करतील."

पोपटराव हसले. तुळशीच्या लग्नानंतर पहिली तारीख धरलेली होती, तीही त्यांच्या मेव्हण्याच्या मुलीची. "लॉन झालं तर खोली," ते म्हणाले. "न्हाई झालं तर मला तोंड दाखवू नको."

म्हाळसाने आधी महिनाभर नुसती मातीच केली. वरच्या अंगाला आणि कडेने चर खणले. मध्ये पालथ्या परातीसारखा किंचित उंचवटा दिला. वाळूचा थर खणून खाली घातला आणि वर आपल्या भावकीतल्या वाड्यावरून आणलेलं जुनं लेंडीखत आणि गव्हाचं भुस्कट मिसळलं. दोन पाऊस त्यावर पडू दिले. राखी पौर्णिमेच्या आसपास उघडीप मिळाली तेव्हा रोज सकाळी ती रानात जाऊन मूठ दाबून बघायची. पोपटराव घाई करायचे, ती मान हलवायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "आज."

पोपटरावांनी आणलेल्या नव्या डब्यातलं बी खसखशीपेक्षा बारीक. तिने ते कोरड्या मातीत कालवलं, अर्धं उभं फेकलं, अर्धं आडवं. मग ओली गोणपाटं अंथरली आणि त्यावर झारीने पाणी. पाइपाला हात लावायचा नाही, असं तिने खंडूलाही बजावलं.

बाराव्या दिवशी गोणपाट उचलून तिने वाकून पाहिलं आणि तशीच खाली बसली. खंडू लंगडत आला. "काय गं? ह्ये पन वाहिलं?"

"उगवलंय," ती म्हणाली. आणि हसायलाच लागली. "अवो, ही हरळी हाय! डब्यावर विंग्रजी नाव, आन् आत आपली हरळी."

खंडूने एक कोंब चिमटीत धरला. पात जरा नाजूक, पण जात तीच. ज्या गवतापायी शेतकऱ्याच्या चार पिढ्यांच्या कमरा वाकल्या, ते गवत पोपटरावांनी डबा आणून पेरलं होतं. "कुनाला सांगू नको," खंडू म्हणाला. "लोक येड्यात काढतील मालकाला."

म्हाळसाने खरोखरच कोणाला सांगितलं नाही. पोपटरावांनी पात बघून ओळखलं, पण लाजेपायी त्यांनीही कोणाला सांगितलं नाही. इथेच चुकलं.

पोपटरावांची आई रतनबाई जुन्या घरात राहायची, रानापासून हाकेच्या अंतरावर. वय सत्तर. गुडघे गेलेले, पण खुरपं हातात दिलं की गुडघे विसरायची. मुलाने तिला सांगितलं होतं की रानात विलायती गवत लावलंय. तिने विचारलं, "गुरांला चालंल का?" तो म्हणाला, "गुरांसाठी न्हाई, लोकांनी चालायसाठी." ती उठून आत गेली. लोकांनी चालायला गवत लावणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

पितृपाटात शाळेच्या बाईंनी म्हाळसाला निरोप धाडला. रश्मीचा दौंडच्या शाळेचा दाखला अजून आला नाही, आणला नाही तर नाव कमी होईल. म्हाळसा एसटीने दौंडला गेली. तिथे कारकून रजेवर. म्हणून ती रात्री चुलतबहिणीकडे राहिली, दुसऱ्या दिवशी दुपारी दाखला पदरात बांधून परतली.

कमानीतून आत आली आणि तिचे पाय थांबले. स्टेजच्या बाजूचं अर्धं रान हिरवं होतं. रस्त्याच्या बाजूचं अर्धं काळं. नुसतं काळं नाही, वेणी घातल्यासारखं नीट खुरपलेलं. कडेला रतनबाई पाय पसरून बसली होती, आणि तिच्याबरोबर वस्तीवरच्या तीन बाया.

"ये, म्हाळसे," रतनबाई म्हणाली. "लई ध्यान हाय तुझं रानावर! पार हरळीनं गिळलं व्हतं. बरं झालं मी सकाळच्याला बघितलं. निम्मं झालं, निम्मं उद्या हातावेगळं करू."

म्हाळसाने विचारलं, "उपटलेली कुठं हाय?"

"रस्त्यावर. बांधावर टाकली तर फिरून धरती. ट्रकाखाली जाऊंदे."

म्हाळसा रस्त्यापर्यंत गेली. डांबरावर हिरवट चोथा पडला होता, त्यावरून वाळूच्या गाड्या जात होत्या. ती परत आली आणि रतनबाईपासून चार हातांवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. पण मालकाच्या आईवर रागवायचं कसं, आणि तेही एवढं बिनचूक काम केलेल्या बाईवर? एक तंतू राहू दिला नव्हता.

तेवढ्यात मोटारसायकल आली. पोपटरावांनी रान पाहिलं आणि थेट म्हाळसावर आले. "दोन दिवस कुठं उलथली व्हतीस? कुनी केलं हे? गवत न्हाई तर खोली न्हाई, सांगून ठेवतो!"

म्हाळसा खाली मान घालून मातीचं ढेकूळ बोटांनी फोडत राहिली. नाव घ्यायचं तर म्हातारीचं, न घ्यायचं तर खोली जाणार.

"तिला काय इचारतो?" रतनबाई म्हणाली. "म्या केलं. हरळी उपटली. तुझ्या बापानं आन् म्या तीन उन्हाळे ह्या रानात हरळी खांदली. गुडघ्याएवढं खणून एकेक काशी, पार मुळी न् मुळी येचली. तू पाळण्यात व्हतास बाभळीला. आन् त्याच रानात परत माजली तर गप बसू व्हय?"

"आई, ती पेरलेली व्हती!"

"काय?"

"हरळी. पेरलेली व्हती. लान म्हंजी तीच."

रतनबाईने आधी मुलाकडे बघितलं, मग म्हाळसाकडे. "इकत आणून?"

"व्हय काकी," म्हाळसा हळू म्हणाली.

वस्तीवरच्या एका बाईने पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलायला लागले. दुसरीही फुटली. पोपटराव ओरडले, "हसताय काय!" पण म्हातारी हसली नाही. तिने हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला कुनी सांगितलं न्हाई."

ते खरं होतं. पोपटरावांनी मोटारसायकलला किक मारली. सात आठवडे उरलेत, एवढंच म्हणून ते गेले.

डब्यातलं बी संपलं होतं. दुसरं आणून पेरलं तरी सात आठवड्यांत त्याच्यावर माणसं चालतील असं गवत होणार नव्हतं. हे म्हाळसाला कळत होतं आणि ती तशीच बसून होती. बाया गेल्या. रतनबाई मात्र उठली नाही.

"तुला ह्या खोलीचं लई मनात हाय?" तिने विचारलं.

"पोरीचं नाव कमी व्हायला आलं व्हतं, काकी. परत हलायचं न्हाई आता."

"मग ऊठ. मला हात दे."

रतनबाई तिला विहिरीकडे घेऊन गेली. विहिरीच्या थारोळ्याखाली, जिथे पूर्वी मोटेचं पाणी पडायचं तिथे, दगडांच्या कपारींत दाट हरळी माजलेली होती. "ही एवढी मला हरली न्हाई," म्हातारी म्हणाली. "दगडाखालनं येती. घे. तुकडं कर, बोट बोट. प्रत्येक पेरावर डोळा हाय."

म्हाळसालाही ते ठाऊक होतं. हरळी तोडली तर एकीच्या दहा होतात म्हणून शेतकरी तिला कधी तोडत नाही, मुळासकट काढतो. तीच गोष्ट आता उलटी करायची होती. पाऊस दोन दिवसांपूर्वी थांबला होता. तिने रानात जाऊन मूठ दाबली. ढेकूळ झालं, बोटाने फुटलं.

तीन दिवस काम चाललं. खंडू विहिरीवर हरळी काढायचा, म्हाळसा कोयत्याने तुकडे करायची. वस्तीवरच्या बाया आल्या आणि ओळीने लावू लागल्या. एकजण म्हणाली, "सासूला कळालं मी हरळी लावाया जाती, तर म्हायेरी धाडंल." रश्मी शाळेतून आली की पाण्याची झारी धरायची. आणि रतनबाई. ती ओळीच्या टोकाला बसून एकेक तुकडा हातात घ्यायची, जरा थांबायची, मग अंगठ्याने मातीत दाबायची. दुसऱ्या दिवशी तिने खंडूला विचारलं, "जाईन तेव्हा वरती धन्याला काय सांगू रे?"

"सांगा, पोपटरावांनी सांगितलं व्हतं," खंडू म्हणाला.

"त्यो म्हनंल, पोपट्याला तूच लाडावलंस."

नवरात्रात तुकड्यांना पालवी आली. दिवाळीत म्हाळसाने विळ्याने दोनदा कापणी केली. दोन्ही अर्धे भाग हिरवे झाले, पण एकसारखे नाहीत. स्टेजकडचं गवत बारीक, पोपटी. रस्त्याकडचं राठ, गडद. मधोमध रेघ आखल्यासारखी सरळ हद्द. पोपटरावांनी कमानीत उभं राहून ती पाहिली.

"दोन रंग दिसत्यात," ते म्हणाले.

"तुझ्या धोतराला अन् सदऱ्याला पन दोन रंग असत्यात," रतनबाई म्हणाली. "शब्द दिला व्हतास न्हवं?"

लग्न झालं. अकराशे पान उठलं. खुर्च्यांचे पाय रुतले नाहीत, नवरीच्या शालूला चिखल लागला नाही, आणि दोन रंगांबद्दल कोणी एक अक्षर काढलं नाही. लोकांचं लक्ष जिलेबीकडे होतं.

खोल्या दोन मिळायच्या होत्या असं म्हाळसा कधी म्हणाली नव्हती, पण मनात दोनच होत्या. पोपटरावांनी एक दिली, दुसरीत खुर्च्या ठेवल्या. म्हाळसाने घासाघीस केली नाही. एका फेरीत सामान आलं. तिसऱ्या दिवशी रश्मीला वेणी घालून शाळेत धाडत असताना दारात काठीचा आवाज आला. रतनबाई होती. तिने आत नजर फिरवली, चुलीची जागा बरोबर आहे म्हणाली, खिडकी चुकीच्या अंगाला आहे म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली.

"तुझ्या हरळीनं चर वलांडला," ती म्हणाली. "माझ्या वांग्याच्या वाफ्याकडं निघालीय. मी बघून आले. दोन धुमारे हाईत."

"आता कापते, काकी."

"आज कापशील. उद्या परत येनार. ही काय थांबायची जात न्हाई. दर आठ दिसाला कड कापावी लागंल, मी हाय तवर आन् मी गेल्यावर पन. समजलं का? कुठं जायचं न्हाई."

"न्हाई जात," म्हाळसा म्हणाली. तिने रश्मीच्या पाठीवर दप्तर चढवलं, कोपऱ्यातला विळा घेतला आणि म्हातारीला उठायला हात दिला.