घे म्हटल्याशिवाय

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथं सांगत नाही. ते यांच्या एका साहेबांच्या आडनावाच्या फार जवळ जातं, आणि हे म्हणतात तो योगायोग होता. मी काही बोलत नाही. कुत्रा अर्धा कुठल्या तरी बंगल्यातला आणि अर्धा रस्त्यावरचा होता. आमची कऱ्हाडहून चंदीगडला बदली झाली, त्याच हिवाळ्यात तो मागच्या दारी येऊन बसला आणि राहिला.

आमच्या घरात शुद्ध मराठीला मान देणारा तो एकटाच. मुलं शाळेत जायला लागली आणि वर्षभरात पार हिंदी झाली. हे म्हणायचे, "जरा पाणी आण रे," की आतून उत्तर यायचं, "पापा, एक मिनट." मुलगी तर पंजाबीत भांडायची, आणि झकास भांडायची. यांना ते लागायचं. मग मुलांवर जे चाललं नाही ते सगळं यांनी कुत्र्यावर चालवलं. ये म्हटलं की यायचं, जा म्हटलं की जायचं. थाळी समोर ठेवली की "बस" म्हणायचं. कुत्रा बसायचा, थाळीकडे बघायचा, यांच्याकडे बघायचा, त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि "घे" म्हटल्याशिवाय तो जीभसुद्धा लावायचा नाही. कोणी पाहुणे आले की हा कार्यक्रम व्हायचाच. पाहुण्यांचं जेवण निवायचं ते वेगळं.

एका जानेवारीत कऱ्हाडहून तार आली, सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन-अडीच महिने तरी जावं लागणार होतं. यांनी रजा टाकली, मुलांच्या शाळेत सांगून झालं, बिछाने बांधून झाले. कुत्र्याचं काय, यावर मात्र गाडी अडली. गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी पिंजरा असतो म्हणून हे स्टेशनवर जाऊन तो पाहून आले. आल्यावर चहा प्यायले आणि म्हणाले, "त्यात मी माझी छत्रीसुद्धा ठेवणार नाही."

मग आम्ही मराठी घरं पालथी घातली. हळदीकुंकवाला, गणपतीला येऊन आमच्या कुत्र्याला "किती गुणाचा गं" म्हणणारी घरं सात-आठ तरी होती. विचारायला गेलो तर एका घरी सोवळं निघालं, ते तोवर कोणाला ठाऊक नव्हतं. एका घरच्या मुलाला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात असं कळलं. तो मुलगा तेव्हा आमच्या अंगणात कुत्र्याच्या पाठीवर बसलेला होता. आणखी एकांनी आनंदाने हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचंच गावाला जायचं ठरलं. यांनी तरी आशा सोडली नव्हती. परक्या घरात ठेवला तर त्याची भाषा बिघडेल, ही यांची खरी धास्ती होती. तसं बोलून दाखवत नसत, पण मी ओळखून होते.

शेवटी उरल्या त्या मागच्या भिंतीपलीकडच्या बीजी. बीजी म्हणजे आई, पण त्यांना सगळा सेक्टरच बीजी म्हणायचा. साठीच्या पुढच्या, फाळणीत पाकिस्तानातून आलेल्या, एकट्या. यजमान गेलेले, मुलगा विलायतेत. त्याने घरात टेलिफोन बसवून दिला होता आणि महिन्यातून एकदा त्यावर "बीजी, ठीक हो?" विचारायचा. हिवाळ्यात आम्ही दोघी आपापल्या अंगणात खाटा टाकून उन्हात बसायचो आणि भिंतीवरून मटार आणि बातम्या एकमेकींना द्यायचो.

मी विचारलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या. सोलतच राहिल्या.

"ना पुत्तर," म्हणाल्या. "उधर से आए थे तो एक भैंस खुली छोड़ के आई थी मैं. तब से जानवर नहीं रखा. और ये तो तेरा है. वापस लेगी न?"

"हां जी, लूंगी."

"जो वापस देना है, उसको मैं हाथ क्यों लगाऊं?"

पण कुत्र्याला संभाषणातलं काही कळत नसल्यामुळे तो भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेला आणि सालींच्या ढिगात बसला. बीजी त्याच्याकडे बघत राहिल्या. "दो महीने," त्या म्हणाल्या. "पक्का दो महीने."

निघायच्या दिवशी यांनी भिंतीशी उभं राहून बीजींना हिंदीत तासभर व्याख्यान दिलं. अंघोळ कधी, फिरायला कुठल्या बाजूने, पोटात बिघडलं तर काय, कुठल्या मांजराशी वैर आहे. सगळं सांगितलं. फक्त "बस" आणि "घे" सांगायचं राहिलं. यांच्या दृष्टीनं ते मराठी शब्द नव्हतेच. तो कुत्र्याचा स्वभाव होता.

कऱ्हाडला पोचून आठवडा झाला नसेल, तोच हे मला म्हणाले, "घराचं कुलूप नीट लागलं होतं ना? ट्रंक कॉल लावून विचारावं म्हणतो." कुलूप मी स्वतः ओढून पाहिलं होतं. पण सासूबाईंचा डबा दवाखान्यात पोचवून मी यांच्याबरोबर पोस्टात गेले. कॉल लागेपर्यंत दुपार झाली.

फोन लागला आणि कुलूप विचारायच्या आत पलीकडून बीजींचं रडणं ऐकू आलं. ते इतकं मोठं होतं की मला बाजूला उभं राहून ऐकू येत होतं. कुत्रा खात नाही. थाळीपुढे बसतो, नुसता बघतो. रात्री कधीतरी चार घास पोटात जात असावेत, पण त्यांच्यासमोर तोंड लावत नाही. "ओ तुहाड्डे बिना मर जाएगा, भाईसाहब. मैं रोटी चूरती हूं, दूध डालती हूं, कहती हूं बस, होर नहीं, और ये बैठ जाता है."

यांचा चेहरा पडला, मग उजळला. बीजींचं "बस" म्हणजे पुरे. कुत्र्याचं "बस" म्हणजे बैस. बिचारा दर जेवणाला हुकूम पाळत होता आणि पुढच्या हुकमाची वाट बघत होता.

"बीजी, फोन उसके कान को लगाओ," हे ओरडले. मग पोस्टभर ऐकू जाईल असं, "घे! घे!"

मनीऑर्डरच्या रांगेतले एक पागोटेवाले आजोबा वळून म्हणाले, "काय घेऊ?"

पलीकडे थाळीचा आवाज झाला. बीजी हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही. मग खरं काम सुरू झालं. रोज काही कऱ्हाडहून ट्रंक कॉल करता येणार नव्हता. बीजींना तो शब्द यायला हवा होता.

"बोलो बीजी, घे."

"के."

"के नहीं, घे. घ, घ. घर का घ."

"हां जी, कर का क. के."

पंजाब्यांच्या जिभेवर शब्दाच्या सुरुवातीचा घ असाच दबून जातो, हे आम्हाला इतकी वर्षं राहून ऐकू आलं नव्हतं. हे घसा खरवडून घ काढून दाखवत होते, बीजी तितक्याच निष्ठेनं क म्हणत होत्या, आणि मधेच ऑपरेटर वेळ संपल्याचं सांगत होती. फोन ठेवला तेव्हा यांना घाम फुटला होता. "उपाशी राहील तो," हे म्हणाले. त्या दिवशी मला त्यांची चेष्टा करवली नाही.

तो उपाशी राहिला नाही. सासूबाई काठी घेऊन चालू लागल्यावर, होळीच्या सुमारास आम्ही परतलो, तर भिंतीवरून जे धूड आमच्या अंगावर आलं ते ओळखू येईना, इतकं तुपावर पोसलेलं होतं. संध्याकाळी यांनी सगळ्यांना बोलावून थाळी मांडली. "बस." कुत्रा बसला. यांनी आमच्याकडे एक विजयी नजर टाकली. "घे." कुत्रा हलला नाही. "घे," हे पुन्हा म्हणाले. कुत्र्यानं यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

मुलगी म्हणाली, "पापा, के बोलो न."

थाळी तशीच राहिली. मी आत पोळ्या करायला गेले आणि खिडकीतून पाहिलं. आसपास कोणी नाही असं बघून हे वाकले आणि हळूच म्हणाले, "के." घरातला शेवटचा मराठी माणूस थाळीवर तुटून पडला.

आभार म्हणून आम्ही बीजींना पुरणपोळीला बोलावलं. त्या दुसऱ्या पोळीला "बस, बस" म्हणाल्या आणि टेबलाखाली कुत्रा पटकन बसला. हे आग्रह करत म्हणाले, "बीजी, घ्या ना."

"क्या?"

"घ्या."

"ओ जी, क्या?"

मुलं खुर्चीवरून पडायची बाकी होती. मग यांनी नीट समजावलं, कुत्र्याला घे, मोठ्यांना घ्या. बीजी खूश झाल्या. "अच्छा, ये इज्जतवाला के है," म्हणाल्या, आणि पोळी घेतली.

त्यानंतर कुत्रा दुपारी त्यांच्याकडे आणि संध्याकाळी आमच्याकडे जेवायचा. बीजी पूर्वी ओट्याशी उभ्यानं चार घास खायच्या, आता खाटेवर बसून, त्याची थाळी मांडून मग आपली मांडायच्या. अशी काही वर्षं गेली आणि आमची मद्रासला बदली आली. हे पुन्हा स्टेशनवर जाऊन तो पिंजरा बघून आले. या वेळी छत्रीबद्दल काही बोलले नाहीत, त्यात अंथरायला नवं पोतं शिवून घेतलं.

बातमी कळल्यापासून बीजींनी मागचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. मी भिंतीवरून विचारलं तर म्हणाल्या, "आदत तोड़ रही हूं, पुत्तर. उसकी." कुत्रा दुपारी भिंत ओलांडून जायचा आणि त्या बंद दारापुढे बसायचा. ओरडत नव्हता, दार खरवडत नव्हता. यांनी त्याला शिकवलं होतं तसाच ताठ बसून वाट बघायचा. हे रजेवर घरी होते, सामान बांधत होते. त्यांनी ते एक दिवस पाहिलं, दुसऱ्या दिवशीही पाहिलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हे पट्टा घेऊन पलीकडे गेले. मी मागोमाग गेले. बीजींनी दार उघडलं, कुत्रा आत शिरून त्यांच्या पायाशी बसला. यांनी पट्टा पुढे धरला. बीजींना कळलं असावं, पण त्यांनी हात वर केला नाही. ओढणीचं टोक धरून नुसत्या पट्ट्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मग हे म्हणाले, "बीजी, घ्या."

"क्या," बीजी म्हणाल्या. त्यांनी विचारलं की यांच्यामागून तो शब्द म्हटला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यांनी हात पुढे केला आणि घेतला.